‘द व्हॉइस’ : केल्टिक सुरांचा विजय आणि केल्टिक भाषांची प्रतीक्षा

नॉर्वेची राजधानी ओस्लो येथे १८ मे १९९६ रोजी झालेल्या ४१ व्या युरोव्हिजन गीतस्पर्धेत आयर्लंडच्या ‘द व्हॉइस’ या गीताने प्रथम क्रमांक पटकावला. ब्रेंडन ग्रॅहम यांनी लिहिलेले व संगीतबद्ध केलेले हे गीत ईमर क्विन यांनी सादर केले. या गीताला १६२ गुण मिळाले. दुसऱ्या क्रमांकावरील यजमान नॉर्वेला ११४, तर तिसऱ्या क्रमांकावरील स्वीडनला १०० गुण मिळाले. आयर्लंडचे हे सातवे विजेतेपद होते. इतक्या वेळा ही स्पर्धा जिंकणारा तो तेव्हा एकमेव देश होता.

आयर्लंडच्या लोकसंगीताचा बाज थेट अंगीकारलेले गीत युरोपच्या सर्वांत मोठ्या गीतस्पर्धेत विजयी ठरले, म्हणून या निकालाकडे केल्टिक संगीताचा गौरव म्हणून पाहिले गेले. मात्र ‘द व्हॉइस’ची भाषा इंग्रजी होती. त्याच रात्री, त्याच मंचावर ब्रेतों या केल्टिक भाषेतील एक गीतही सादर झाले. फ्रान्सने पाठविलेले ते गीत २३ देशांत १९ वे आले. केल्टिक संगीत आणि केल्टिक भाषा यांचे भवितव्य एकच नाही, हे या दोन निकालांतून एकाच वेळी दिसून आले.

स्पर्धेचे स्वरूप

युरोपीय प्रक्षेपण संघाच्या वतीने घेतली जाणारी युरोव्हिजन स्पर्धा १९५६ मध्ये स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे सुरू झाली. पहिल्या वर्षी सात देश सहभागी झाले होते. प्रत्येक देशाची प्रक्षेपण संस्था एक नवे गीत पाठविते, सर्व गीते एकाच मंचावरून थेट प्रक्षेपित होतात आणि सहभागी देश एकमेकांच्या गीतांना गुण देतात. स्वतःच्या देशाला गुण देता येत नाहीत. विजेत्या देशाने पुढील वर्षी यजमानपद स्वीकारावे, असा सर्वसाधारण प्रघात आहे. आयर्लंड १९६५ पासून या स्पर्धेत उतरला.

गीत मंचावर प्रथमच सादर झालेले नसले तरी ते नवे असावे लागते. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या गायिले गेलेले जुने लोकगीत जसेच्या तसे या स्पर्धेत येऊ शकत नाही. लोकपरंपरा येथे नव्या रचनेच्या रूपानेच येते.

१९९६ मध्ये ३० देशांनी गीते पाठविली होती. मंचावर केवळ २३ गीतांना स्थान असल्याने यजमान नॉर्वे वगळता उर्वरित २९ गीतांची ध्वनिमुद्रणे परीक्षक मंडळांना ऐकविण्यात आली व त्यांतून २२ गीते निवडण्यात आली. जर्मनी, रशिया, डेन्मार्क, इस्रायल यांसारखे देश या चाळणीत बाद झाले. ओस्लो स्पेक्ट्रम सभागृहातील कार्यक्रमाचे सूत्रसंचालन ‘आ-हा’ या नॉर्वेजियन वाद्यवृंदाचे गायक मॉर्टेन हार्केट आणि पत्रकार इंगविल्ड ब्रिन यांनी केले. प्रेक्षकांच्या दूरध्वनी मतदानाचा प्रयोग काही देशांत पुढील वर्षी सुरू झाला. १९९६ चा निकाल पूर्णतः परीक्षक मंडळांचा होता.

त्या काळी दोन नियम महत्त्वाचे होते. गाण्यासाठी थेट वाद्यवृंदाची सोय असे, आणि प्रत्येक देशाने आपल्याच देशातील भाषेत गाणे बंधनकारक होते. आयर्लंडच्या राज्यघटनेने आयरिश ही राष्ट्रीय व प्रथम अधिकृत भाषा, तर इंग्रजी ही दुसरी अधिकृत भाषा मानली असल्याने त्या देशाला दोन्ही पर्याय खुले होते.

गीत, गीतकार आणि गायिका

ब्रेंडन ग्रॅहम हे या स्पर्धेला नवखे नव्हते. १९७६ आणि १९८५ मध्ये त्यांची गीते आयर्लंडच्या वतीने सादर झाली होती. १९९४ मध्ये त्यांच्या ‘रॉक अँड रोल किड्स’ या गीताने डब्लिनमध्ये विजय मिळविला. दोन मध्यमवयीन गायक, एक गिटार आणि एक पियानो एवढ्याच साधनांवर ते गीत उभे होते. दोन वर्षांनी त्यांनी लिहिलेले ‘द व्हॉइस’ त्याहून सर्वस्वी निराळे होते.

या गीतातील निवेदक कोणी प्रियकर वा प्रेयसी नाही. भूमीचा, तिच्या भूतकाळाचा आणि येणाऱ्या काळाचा आवाजच तेथे श्रोत्याशी बोलतो. वारा, ऋतू आणि स्मृती या त्यातील मुख्य प्रतिमा आहेत. आयरिश साहित्यात सतराव्या-अठराव्या शतकांत बहरलेल्या ‘आश्लिंग’ या काव्यप्रकाराशी त्याचे नाते लावता येते. त्या कवितांत आयर्लंड ही भूमी स्त्रीरूपाने कवीच्या स्वप्नात येते आणि आपली व्यथा व आशा सांगते. ‘द व्हॉइस’मध्ये स्वप्न नाही, पण स्त्रीकंठातून बोलणारी भूमी तीच आहे.

ईमर क्विन यांनी ‘अनूना’ या डब्लिनच्या गायकवृंदात गायन केले होते. मायकल मॅकग्लिन यांनी १९८७ मध्ये स्थापन केलेला हा वृंद मध्ययुगीन आणि आयरिश परंपरेतील रचना गाण्यासाठी ओळखला जातो. क्विन यांचा स्वच्छ, कंपनरहित आणि उंच पट्टीत सहज फिरणारा आवाज त्या काळच्या पॉप गायनापेक्षा वेगळा होता. ओस्लोत त्यांनी सतराव्या क्रमांकावर गीत सादर केले. वाद्यवृंदाचे संचालन नोएल केलेहन यांच्याकडे होते. १९८०, १९८७, १९९२ आणि १९९३ या वर्षांच्या विजयी आयरिश गीतांचे संचालनही त्यांनीच केले होते.

लोकगीत की लोकशैलीतील गीत?

‘द व्हॉइस’चा उल्लेख अनेकदा ‘केल्टिक लोकगीत’ असा होतो. काटेकोर अर्थाने ते लोकगीत नाही. लोकगीताचा कर्ता बहुधा अज्ञात असतो, ते मौखिक परंपरेने पुढे जाते आणि प्रत्येक गायकाच्या कंठात थोडे बदलते. ‘द व्हॉइस’चा कर्ता ज्ञात आहे, त्याचे शब्द व चाल निश्चित आहेत आणि ते एका विशिष्ट स्पर्धेत सादर झालेले आहे. जात्यावरची ओवी आणि चित्रपटासाठी एखाद्या ज्ञात कवीने लिहिलेली लावणी यांतील फरक मराठी वाचकाला परिचित आहे. ‘द व्हॉइस’ हे दुसऱ्या प्रकारात मोडते.

अशा रचनेला उसनवारी म्हणून कमी लेखण्याचे मात्र कारण नाही. आयरिश परंपरेत जुने आणि नवे यांची सरमिसळ पूर्वापार चालत आली आहे. १७९२ मध्ये बेलफास्ट येथे भरलेल्या वीणावादकांच्या मेळाव्यात एडवर्ड बंटिंग या तरुण संगीतकाराने वादकांच्या चाली लिहून घेतल्या. त्या पुढे छापील रूपात आल्या आणि त्यांवर नवे शब्द रचले गेले. अमेरिकेत शिकागोचे पोलीस प्रमुख राहिलेले फ्रान्सिस ओ’नील यांनी स्थलांतरित आयरिश वादकांकडून चाली गोळा केल्या. १९०३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संग्रहात १,८५० चाली आहेत. विसाव्या शतकात ‘द चीफटन्स’सारख्या वृंदांनी घरगुती बैठकीत वाजणारे हे संगीत सभागृहात आणले. फिडल, टिनची शिट्टी, हाताने धरून छोट्या दांडीने वाजविला जाणारा बोरान हा डफासारखा चर्मवाद्यप्रकार, कोपराने भात्यात हवा भरून वाजविले जाणारे इलन पाइप्स आणि वीणा ही या संगीताची ओळख आहे. यांपैकी इलन पाइप्सच्या वादनाला २०१७ मध्ये, तर आयरिश वीणावादनाला २०१९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारसा यादीत स्थान मिळाले.

विजयाची पूर्वपीठिका

‘द व्हॉइस’चा विजय अकस्मात झाला नाही. १९८२ मध्ये डोनेगल परगण्यातील ‘क्लॅनड’ या वृंदाने एका दूरचित्रवाणी मालिकेसाठी गायिलेले आयरिश भाषेतील शीर्षकगीत ब्रिटनच्या लोकप्रियता यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत पोहोचले. त्याच कुटुंबातील एन्या यांचे ‘ओरिनोको फ्लो’ हे गीत १९८८ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले.

खरी कलाटणी युरोव्हिजनच्याच मंचावर मिळाली. ३० एप्रिल १९९४ रोजी डब्लिनच्या पॉइंट थिएटरमध्ये गुणगणना सुरू होण्यापूर्वीच्या मध्यंतरात ‘रिव्हरडान्स’ हा सुमारे सात मिनिटांचा नृत्याविष्कार सादर झाला. संगीत बिल व्हेलन यांचे होते, मायकल फ्लॅटली आणि जीन बटलर हे प्रमुख नर्तक होते आणि प्रारंभीचे गायन ‘अनूना’चे होते. स्पर्धेबाहेरचा हा भाग त्या रात्रीच्या गीतांपेक्षा अधिक गाजला आणि पुढे पूर्ण लांबीच्या प्रयोगाच्या रूपाने जगभर गेला.

१९९५ मध्ये नॉर्वेने ‘नॉक्टर्न’ या रचनेच्या बळावर स्पर्धा जिंकली. ती जवळजवळ वाद्यरचनाच होती. तिच्यात केवळ २४ शब्द होते. ‘सीक्रेट गार्डन’ या तिच्या सादरकर्त्या जोडीतील व्हायोलिनवादक फिनूला शेरी या आयरिश आहेत. म्हणजे ओस्लोच्या परीक्षकांचे कान अशा संगीताला आधीच सरावले होते.

आयर्लंडमध्ये मात्र या यशाकडे काहीशा धास्तीने पाहिले जात होते. १९९२, १९९३ आणि १९९४ अशी सलग तीन वर्षे स्पर्धा जिंकणारा आयर्लंड हा एकमेव देश आहे. परिणामी सार्वजनिक प्रक्षेपण संस्था ‘आरटीई’ला १९९३, १९९४ आणि १९९५ अशी सलग तीन वर्षे यजमानपदाचा खर्च उचलावा लागला. १९९३ ची स्पर्धा तर कॉर्क परगण्यातील मिलस्ट्रीट या लहानशा गावातील अश्वक्रीडा संकुलात झाली होती. ‘फादर टेड’ या विनोदी मालिकेच्या एप्रिल १९९६ मध्ये प्रक्षेपित झालेल्या एका भागात, पुन्हा यजमानपद गळ्यात पडू नये म्हणून मुद्दाम सुमार गीत निवडणाऱ्या संस्थेची खिल्ली उडविली होती. त्यानंतर सुमारे सहा आठवड्यांनी क्विन विजयी झाल्या आणि १९९७ ची स्पर्धा पुन्हा डब्लिनला गेली.

त्याच रात्रीचे दुसरे गीत

ओस्लोत तेराव्या क्रमांकावर फ्रान्सचे ‘दिवानित बुगाले’ हे गीत सादर झाले. गिटारवादक दां आर ब्राझ आणि त्यांचा ‘लेरिताज दे सेल्त’ म्हणजे ‘केल्टांचा वारसा’ हा वृंद यांनी ते सादर केले. ब्रिटनी, आयर्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स येथील कलावंतांना या वृंदाने एकत्र आणले होते. गीताची भाषा ब्रेतों होती आणि शीर्षकात मुलांना अंकुरण्याचे, उमलण्याचे आवाहन होते. ब्रिटनीत १९७७ पासून चालविल्या जाणाऱ्या ब्रेतों माध्यमाच्या शाळांचे नावही ‘दिवान’, म्हणजे अंकुर, असे आहे.

या निवडीला राजकीय संदर्भही होता. १९९२ मध्ये फ्रान्सच्या राज्यघटनेत ‘प्रजासत्ताकाची भाषा फ्रेंच आहे’ हे वाक्य समाविष्ट झाले. प्रादेशिक व अल्पसंख्य भाषांविषयीच्या युरोपीय सनदेवर फ्रान्सने १९९९ मध्ये स्वाक्षरी केली, पण तिला अद्याप संमती दिलेली नाही. अशा देशाने आंतरराष्ट्रीय मंचावर प्रादेशिक भाषेला प्रतिनिधित्व दिले, ही बाब लक्षणीय होती. प्रत्यक्षात ‘दिवानित बुगाले’ला १८ गुण मिळाले.

अल्पपरिचित भाषेमुळेच हे गीत मागे पडले, असे ठामपणे म्हणता येणार नाही. फ्रान्सनेच १९९३ मध्ये पाठविलेले, कोर्सिकन भाषेचा वापर असलेले गीत चौथे आले होते. १९९६ मध्ये दुसरे व तिसरे आलेले गीतही अनुक्रमे नॉर्वेजियन व स्वीडिश भाषेतील होते. तरीही केल्टिक सूर इंग्रजीतून ऐकू आले तेव्हा ते पहिले ठरले आणि केल्टिक भाषेतून ऐकू आले तेव्हा मागे राहिले, ही नोंद उरतेच.

इंग्रजीतच का?

केल्टिक भाषासमूहात आज सहा भाषा गणल्या जातात. आयरिश, स्कॉटिश गेलिक आणि मँक्स या एका शाखेच्या, तर वेल्श, ब्रेतों आणि कॉर्निश या दुसऱ्या शाखेच्या आहेत. आइल ऑफ मॅन बेटावरील मँक्स भाषेचे अखेरचे मातृभाषक मानले जाणारे नेड मॅड्रेल १९७४ मध्ये निधन पावले. कॉर्निश त्याआधीच व्यवहारातून लोपली होती. या दोन्ही भाषा नव्याने शिकून बोलणाऱ्यांच्या प्रयत्नांनी पुन्हा कानी पडू लागल्या आहेत.

आयरिश भाषेच्या पीछेहाटीमागे प्रदीर्घ इंग्रजी सत्ता, इंग्रजी शिक्षण आणि स्थलांतर ही कारणे आहेत. १८४५ ते १८५२ या काळातील महादुष्काळाने तिच्यावर सर्वांत मोठा आघात केला. बटाट्याच्या पिकावरील रोगातून ओढवलेल्या या आपत्तीत सुमारे दहा लाख माणसे मृत्युमुखी पडली आणि जवळपास तितकीच देश सोडून गेली. मृत्यू व स्थलांतराचा सर्वाधिक फटका पश्चिमेकडील गरीब, प्रामुख्याने आयरिशभाषक भागांना बसला. याच दुष्काळाच्या पार्श्वभूमीवर ब्रेंडन ग्रॅहम यांनी पुढे ‘द व्हाइटेस्ट फ्लॉवर’ ही कादंबरी लिहिली.

त्यामुळे बहुसंख्य आयरिश नागरिकांची मातृभाषा आज इंग्रजीच आहे. आयर्लंडच्या २०२२ च्या जनगणनेत १८ लाख ७३ हजार ९९७ जणांनी आपल्याला आयरिश बोलता येते असे नोंदविले. मात्र शिक्षणव्यवस्थेबाहेर ती दररोज बोलणारे केवळ ७१ हजार ९६८ होते. भूमीचा आवाज इंग्रजीतून बोलतो, हा ‘द व्हॉइस’मधील विरोधाभास गीतकाराचा नसून इतिहासाचा आहे.

युरोव्हिजनमध्ये आयर्लंडने आयरिश भाषेतील गीत एकदाच पाठविले आहे. १९७२ मध्ये एडिनबरा येथे सँडी जोन्स यांनी गायिलेले ‘क्योल अन ग्रा’ म्हणजे ‘प्रेमाचे संगीत’ हे गीत १८ देशांत १५ वे आले.

विजयानंतरची वाटचाल

१९९६ नंतर आयर्लंडला ही स्पर्धा पुन्हा जिंकता आलेली नाही. १९९७ मध्ये तो दुसरा आला. १९९९ पासून भाषेचे बंधन उठले आणि बहुतेक देश इंग्रजीत गाऊ लागले. इंग्रजीमुळे आयर्लंडला आजवर मिळणारा लाभ त्यामुळे संपला. त्याच वर्षीपासून थेट वाद्यवृंदही मंचावरून गेला.

लोकसंगीताचा आधार म्हणजे विजयाची हमी नव्हे, हेही पुढे दिसले. २००७ मध्ये आयर्लंडने हेलसिंकी येथे ‘डर्व्हिश’ हा पारंपरिक संगीतातील नामांकित वृंद पाठविला. अंतिम फेरीतील २४ देशांत तो अखेरचा आला. त्याला मिळालेले सर्व पाच गुण एकट्या अल्बानियाने दिले होते. विजेतेपदांच्या संख्येत २०२३ मध्ये स्वीडनने सातव्या विजयासह आयर्लंडशी बरोबरी साधली.

‘द व्हॉइस’ मात्र स्पर्धेबाहेर टिकून राहिले. डब्लिनमध्ये स्थापन झालेल्या ‘केल्टिक वुमन’ या महिला गायकवृंदाच्या २००५ च्या पहिल्या संग्रहात ते लिसा केली यांच्या आवाजात समाविष्ट झाले आणि अमेरिकेतील मोठ्या श्रोतृवर्गापर्यंत पोहोचले. ग्रॅहम यांनी पुढे ‘सीक्रेट गार्डन’चे रोल्फ लोव्हलँड यांच्या चालीवर लिहिलेले ‘यू रेझ मी अप’ हे गीतही जगभर गायिले गेले. १९९५ आणि १९९६ च्या दोन विजेत्यांच्या सहकार्यातून ते जन्मले.

भाषांची प्रतीक्षा

केल्टिक भाषांतील नव्या गीतांसाठी स्वतंत्र व्यासपीठही आहे. १९७१ मध्ये आयर्लंडमधील किलार्नी येथे सुरू झालेल्या पॅन केल्टिक महोत्सवात सहा केल्टिक प्रदेशांची गीतस्पर्धा होते आणि तेथे केल्टिक भाषेत गाणे हीच अट असते. वेल्समध्ये त्यासाठीचे गीत ‘कान इ गम्री’ या दूरचित्रवाणीवरील स्पर्धेतून निवडले जाते. वेल्समध्ये २०२१ च्या जनगणनेनुसार सुमारे ५ लाख ३८ हजार लोक, म्हणजे तीन वर्षांवरील लोकसंख्येच्या १७.८ टक्के, वेल्श बोलू शकतात.

मोठ्या मंचावरील प्रयत्नही थांबलेले नाहीत. फ्रान्सने २०२२ मध्ये तुरिन येथे ‘फुलेन’ हे ब्रेतों गीत पाठविले. आधुनिक इलेक्ट्रॉनिक संगीताची जोड दिलेले हे गीत अंतिम फेरीतील २५ देशांत २४ वे आले. मुलांसाठीच्या ज्युनिअर युरोव्हिजनमध्ये आयर्लंडची आयरिश भाषक वाहिनी ‘टीजी४’ने २०१५ पासून आयरिश गीते पाठविण्यास प्रारंभ केला. वेल्सने २०१८ आणि २०१९ मध्ये वेल्श गीतांसह भाग घेतला, पण दोन्ही वेळा तो तळाशी राहिला.

आशादायक निकाल आला तो २०२२ च्या डिसेंबरमध्ये. आर्मेनियातील येरेवान येथे सोफी लेनन यांनी गायिलेले ‘सोलस’, म्हणजे ‘प्रकाश’, हे आयरिश भाषेतील गीत चौथ्या क्रमांकावर आले. त्याच वर्षाच्या प्रारंभी, १ जानेवारीपासून, आयरिश भाषेला युरोपीय संघात अधिकृत भाषा म्हणून पूर्ण दर्जा मिळाला होता.

युरोव्हिजनच्या मुख्य स्पर्धेत केल्टिक भाषेतील एकही गीत आजवर विजयी झालेले नाही. केल्टिक धाटणीच्या गीतांत ‘द व्हॉइस’ने गाठलेले स्थान अद्याप अबाधित आहे.